हनुवटीवरचा तीळ

लक्कव्वा अमरगोळला गेली ती झाडायला. मार्केट यार्डातलं मिरचीचं एक बंद गोदाम सिनेमावाल्यांनी भाड्यानं घेतलं होतं. शूटिंगआधी धूळ काढायला बाई हवी होती. कोणतं गोदाम ते तिला ठाऊक होतं, तरी जुन्या हुबळीतून सकाळच्या बसनं ती आली. दहा वर्षं तिनंच झाडलेलं. दोन वर्षांमागं अंगात ताप होता म्हणून तिनं बदलीला पोरीला धाडलं, रश्मीला. त्याच दिवशी पोत्यांची थप्पी पोरीवर कोसळली.

रडून पोर परत येत नाही. लक्कव्वानं झाडू मारला.

तिला खात होतं ते वेगळंच. पोरीचा चेहरा विसरायला लागला होता. फोटो होते, पण कसले? आधारकार्डावर काळा गोळा नि नुसते दात. मोबाईलमध्ये पीठ फासल्यासारखी गोरी, हनुवटीवरचा तीळसुद्धा खाल्लेला. रश्मी काळी होती, काकवीसारखी काळी. त्या काळ्यातच तिचं रूप होतं. ते एकाही मेल्या कॅमेऱ्याला दिसलं नाही.

अकराच्या सुमाराला खिडक्यांवर काळी कापडं चढली. बाहेर ऊन रणरणत होतं नि आत अमावास्या. सिनेमातली रात्र अशी दिवसा करतात.

कॅमेरावाला पद्मनाभ, धारवाडच्या मळमड्डीचा, जवळ आला. "अक्का, हिरोईन गाडीत बसलीय. तिची उंची तुमच्याएवढीच. दिवे जुळवेपर्यंत या खडूच्या खुणेवर तिची बदली म्हणून उभ्या राहा."

बदली. तापलेली सळई कानात घातल्यासारखं झालं तिला.

"ती गोरी, मी कोळसा. दिवे कसे जुळायचे रे अण्णा?"

"तिचे मग बदलीन. आधी तुमचे." तो दिवेवाल्याकडं वळला. "योगेश, समोरून मारू नको. बाजूनं घे, पांढऱ्या कापडावरून परतव. काळ्या रंगाला दमानं उजेड द्यावा लागतो."

कॅमेऱ्याला जोडलेला छोटा पडदा तिच्या समोरच होता. त्यात लक्कव्वानं स्वतःला बघितलं. जशी होती तशी होती. सुरकुत्यासुद्धा तिच्याच.

"माझ्या पोरीला एवढं कुणी केलं नाही," ती पुटपुटली.

"आता एकेक दिवा उतरव," पद्मनाभ म्हणाला. "हा कॅमेरा मांजराच्या जातीचा, अक्का. डोळ्याला दिसत नाही ते बघतो. फार अंधार झाला की रवा सांडल्यासारखे दाणे नाचतात पडद्यावर. ते आम्ही कॉम्प्युटरवर पुसतो."

एक दिवा गेला. दुसरा गेला. बंद गोदामात मिरचीचा खकाणा उठला. घशात, नाकात, डोळ्यांत. कुणीच पोतं हलवलं नव्हतं.

पडद्यावर तिच्या मागच्या कोपऱ्यात दाणे नाचायला लागले. नाचता नाचता जमायला लागले. आधी खांदा. मग वेणी.

"अण्णा... कोपऱ्यात..."

"दाणे आहेत, अक्का."

पण तो स्वतःच पडद्यावर वाकला. योगेशनं बॅटरी मारली. कोपऱ्यात नुसती भिंत. बॅटरी विझली, आणि पडद्यावर ती दोन पावलं पुढं आलेली होती. काकवीसारखा चेहरा. हनुवटीवर तीळ.

"दिवा लावू नको!" लक्कव्वा ओरडली. "तुझ्या पाया पडते बाबा, लावू नको. दोन वर्षांनी दिसतीय."

कुणी हललं नाही. पडद्यावरचे ओठ हलत होते. आवाज मात्र पडद्यातून आला नाही. तिच्या मानेमागून आला, खकाण्यानं घोगरा झालेला.

"आई... माझी बदली कधी येणार गं?"

लक्कव्वा वळली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ती हात पुढं करून कोपऱ्याकडं चालत गेली नि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आले मी. जा तू घरी. सुट्टी झाली तुझी... जा."

"दिवे लाव! सगळे लाव!" पद्मनाभ किंचाळला.

उजेडात ती कोपऱ्यात एकटीच होती. खडूच्या खुणेवर कुणी नव्हतं.

"तेवढं पुसू नको, अण्णा," तिनं हात जोडले. पद्मनाभनं मान खाली घातली. तो बिचारा नोकरच.

सिनेमा आला. लक्कव्वा पहिल्या रांगेत जाऊन बसली. गोदामातल्या रात्रीत हिरोईनचा चेहरा लोण्यासारखा होता. मागचा कोपरा स्वच्छ काळा. एक दाणा नाही. पुसलं होतं पोरीला, दुसऱ्यांदा. पण सुटली तरी, असं म्हणून तिनं मन घट्ट केलं. आपण तिथं उभं राहिलो ना तिच्या जागी!

पुढच्या महिन्यात रेशनकार्डासाठी फोटो लागला. गल्लीतल्या स्टुडिओत फोटो काढणाऱ्या भारतीनं तिला स्टुलावर बसवलं.

"अक्का, चेहरा काळाच येतोय बघा." तिनं दुसरा दिवा लावला. "अग्गो! आणखी काळा झाला. असं कसं?" तिसराही लावला. तरी चेहरा उजळेना.

"जसा आलाय तसा दे बाई."

मशीनमधून फोटो बाहेर आला. लुगडं लक्कव्वाचं, गळ्यातला काळा दोरा लक्कव्वाचा. वर चेहऱ्याच्या जागी अंधार. त्या अंधारात एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. हनुवटीवरचा तीळ.

लक्कव्वानं आपल्या हनुवटीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिथं काहीच नव्हतं.

फोटोला मिरचीचा वास येत होता.