चूकमुद्रा

प्रयोगशाळेत एसी फुल होता, तरी ऋजुता घोलपचे तळहात ओलेच. समोर तिच्या गाइड अंबुलगेकर मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक चिंचोळकर सर. आज प्रोजेक्ट पास झाला की बंगळूरूची रिसर्चची सीट पक्की. नाहीतर परत जतला, आत्याच्या शिवणक्लासात.

"नीट समजावून सांग," सर म्हणाले. "मी जुन्या जमान्यातला. आम्ही हजेरीला आवाज बदलून प्रॉक्सी मारायचो."

मॅडम हसल्या. ऋजुतापण हसली, पण जरा उशिरा.

आता झालं होतं असं, की कॉलेजची लेक्चरं केव्हाच ऑनलाइन गेलेली. होस्टेलच्या खोलीत कॅमेरा नको म्हणून मुली धरणं धरून बसल्या, मग कॉलेजने कॅमेऱ्याऐवजी नजरपट्टी दिली. कपाळाला बांधायची. डोळे कुठे अडखळतात ते ती टिपणार आणि तुम्ही अडाल तिथे धडा हळू करणार. पण पट्टीला चेहरा कुठे दिसतो? मग काय, पट्टी एकीची, कपाळ दुसरीचं. प्रॉक्सी गेलीच नाही, नुसती तोंडातून कपाळावर आली.

"सर, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं," ऋजुता सुसाट सुटली. "चूक मात्र ज्याची त्याची. कोण वजाचं चिन्ह गिळतं, कोण प्रश्न अर्धा वाचूनच उडी मारतं. पट्टीकडे आमच्या सगळ्या वर्षांच्या चुका साठल्यात. त्यांचा ठसा काढला की झाली चूकमुद्रा, अंगठ्यासारखी. पट्टी बांधा, थोडे प्रश्न सोडवा, यंत्र सांगतं हा माणूस कोण."

"आणि मी मुद्दाम दुसऱ्यासारखा चुकलो तर?"

"खरी चूक बेधडक येते, सर. मुद्दाम केलेली आधी थबकते. मनातलं उत्तर गिळून दुसरं दिलं, तोंडी दिलं तरी, नजर सटकतेच. लगेच पडद्यावर पिवळा ठिपका."

"छान. मग बांध पट्टी. स्वतःवर दाखव."

"सर, ज्युनिअरांच्या अख्ख्या बॅचवर करून बघितलंय..."

"ते वाचलं मी. आता तुझ्यावर."

आणि तिथेच ऋजुताची पंचाईत झाली. कारण दोन वर्षं ती इथे यंत्राशी झटत होती, तेव्हा तिची पट्टी कुणाच्या कपाळावर होती? रूममेटच्या. मिरजेची रुकय्या मुजावर, घरात सतारी घडवतात. सकाळी स्वतःची पट्टी बांधून लेक्चर ऐकायची, दुपारी तेच लेक्चर ऋजुताची पट्टी बांधून. "तू यंत्र कर गं," म्हणायची, "माझं काय, दोनदा ऐकलं की मुरतं." ज्युनिअरांच्या चुका चाळता चाळता ऋजुताला स्वतःचं खातं उघडून बघायचं सुचलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा.

तिने पट्टी बांधली. प्रश्न सोडवले. पडदा लाल झाला.

'नोंदीशी जुळत नाही. ही ऋजुता घोलप नव्हे.'

"पट्टी सैल असेल," मॅडम घाईने म्हणाल्या.

"राहू दे तशीच, काढू नकोस," सर म्हणाले. "दुसरं कुणी आहे का? बघू तरी, सगळ्यांनाच असं सांगतं की काय."

मॅडमनी दार उघडलं. बाहेर बाकावर रुकय्याच होती, ऋजुतासाठी डबा घेऊन बसलेली. ऋजुताने हळूच मान हलवली, नको म्हणून. रुकय्याला वाटलं, बिचारी घाबरलीय. ती ऐटीत येऊन बसली, प्रयोगशाळेतली दुसरी पट्टी बांधली, धडाधड उत्तरं दिली आणि मैत्रिणीला डोळा मारला.

पडदा हिरवा. एकाखाली एक दोन नावं.

'रुकय्या मुजावर. ऋजुता घोलप.'

रुकय्याचा हात डब्यावरच राहिला. प्रॉक्सी सापडली तर दोघींचीही पदवी रद्द, हा नियम होस्टेलच्या भिंतीवरच चिकटवलेला होता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ऋजुता, एकच विचारते. यंत्र बरोबर सांगतंय का?"

हो म्हणावं, तर यंत्र खरं आणि दोघी घरी. नाही म्हणावं, तर प्रोजेक्ट बुडाला, बंगळूरू गेलं, पण रुकी वाचली. जतच्या शिवणयंत्रांचा खडखडाट तिला आत्ताच ऐकू यायला लागला. तिने रुकय्याकडे बघितलं. तो डोळा मारणारा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही, मॅडम," ऋजुता म्हणाली. "यंत्र चुकतंय. माझाच प्रोग्राम फसलाय. मला नापास करा."

रुकय्याने सुटकेचा श्वास सोडला. मॅडमनीही मान खाली घातली, निकालपत्र पुढे ओढलं.

सर मात्र ऋजुताकडे बघतच नव्हते. ते पडद्याकडे बघत होते. पट्टी अजून तिच्या कपाळावरच होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका उमटला होता.