जीव वरखाली

"द्या इकडे," मी म्हणाले, आणि त्याने फोन माझ्या हातावर सरळ ठेवून दिला!

मी बघतच राहिले. कुणाचा स्वभाव कसा आणि फोन काढून घेतला की कुणाचं काय होतं, याचा आमच्या मॅडम अभ्यास करत होत्या. मी त्यांची मदतनीस. येणारी पोरं फोन सोडताना अर्धमेली व्हायची. त्यांना हसायची सोय नव्हती, मी स्वतः फोन घेतल्याशिवाय दात घासायलाही जात नाही.

हा मात्र केकवर नावं लिहिणारा. "हात थरथरला की अक्षर बिघडतं. म्हणून मी शांत माणूस," तो म्हणाला.

मी त्याच्या मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधला आणि ठरलेला प्रश्न विचारला, "फोन नसला की जीव वरखाली होतो?"

"आत्ता होतोय..." तो माझ्याकडे बघत म्हणाला.

आठवडाभर तो रोज यायचा. मी मधूनच आत डोकावून विचारायचे, "बरं वाटतंय ना?" खरं तर दोनदा विचारायची काही गरज नसायची.

शेवटच्या दिवशी मॅडमनी मला बोलावून आलेख दाखवला. "फोन घेतला तरी ठोके शांत. तू आत गेलीस की उड्या! काढून टाक याला." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अभ्यासातून म्हणतेय मी."

धावत खोलीत गेले, तर तो निघून गेलेला. त्याचा नंबर मॅडमच्या कुलपातल्या कागदांत. आज गेला तो कायमचाच! मी जिने उतरत सुटले.

"अहो... थांबा!"

तो फाटकाशी थबकला.

"तुमचे ठोके," मला धाप लागली होती, "फोनमुळे वाढत नव्हतेच."

तो कानापर्यंत लाल झाला. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की, आत्ता होतोय."

"नीट सांगायचं ना! नंबर द्या आता." मी खिशात हात घातला. रिकामा! फोन वर टेबलावर राहिला होता. "तुमचा काढा."

त्याने खिसे चाचपले. "माझा तुमच्या फोन ठेवायच्या पेटीतच राहिला... आज तुम्ही आत आलाच नाहीत, मग माझं कशातच लक्ष नव्हतं."

दोघंही खो खो हसलो.

"वर जाऊन आणायचे?" त्याने विचारलं.

"घाई आहे?"

"मला? मुळीच नाही."

"तुम्ही मला आवडता," मी म्हणून टाकलं आणि तिथेच पायरीवर बसले. तोही बसला, अगदी जवळ.

माझा फोन वर सारखा वाजत होता, असं मॅडम नंतर म्हणाल्या. मला पत्ताच नव्हता.