आटलेल्या तळ्यातली मॅच

लातूरच्या जुन्या फुटबॉलवाल्यांपुढे ही गोष्ट काढून बघा. ते उठून निघून जातात. खोटी असती तर हसले असते.

हे घडलं मारोती गजभारेसमोर. आमचा शेजारी. नांदेडला रेल्वेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. त्यानं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही नाही.

साल शहाऐंशी, मे महिना. रात्र नव्हती. ऊन नुकतं कलायला लागलं होतं.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुन्या मैदानावर नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उठत होत्या. त्यात दुष्काळ. टँकर आला की घागरी घेऊन बायका धावायच्या. गावाबाहेरचं तळं पार आटलं होतं. तळाची माती भेगाळून दगडासारखी झाली होती. सपाट जागा तेवढी एकच उरली होती.

म्हणून मॅच तिथं ठेवली.

आप्पासाहेब उस्तादांच्या आठवणीची मॅच.

साठच्या दशकात उस्तादांचं नाव हैदराबादपर्यंत होतं. डाव्या पायाचा खेळाडू. त्यांच्या पायाला चेंडू लागला की गोलकीपर आधीच हात जोडतो, असं लोक म्हणायचे. पुढे पाय मोडला आणि खेळ संपला. मग ते लातूरच्या संघाचे मॅनेजर झाले. काठी टेकत, लंगडत, मरेपर्यंत लाईनवर उभे राहिले. मॅचच्या आधीच्या हिवाळ्यात ते गेले होते.

मॅचच्या आधी काठावर मांडव टाकला होता. उस्तादांचे चाहते बसले होते. ऐन विशीत उस्तादांमागे वेडे झालेले, आता चाळिशी ओलांडलेले. आज तेच लातूरकडून खेळणार होते. समोर नांदेडचा तरुण संघ.

आठवणी निघत होत्या.

"मॅच हरलो की उस्ताद पाठीवर तुरीचं पोतं द्यायचे," नरसिंग म्हणाला. तो एसटीत ड्रायव्हर होता. "आन् गंजगोलाईच्या आख्ख्या बाजाराला चक्कर मारायला लावायचे. रडलं की म्हणायचे, रडत रडत पळ."

सगळे हसले.

"आन् शेवटपर्यंत एकच म्हणायचे," संगप्पा म्हणाला. तो अडत्या. लातूरचा गोलकीपर, आणि मॅच भरवणाराही तोच. "माझा पाय मोडला ते पोरगं बॉलवरच आलं होतं. त्याची चूक न्हाई. असं मन होतं बघा."

मारोती कोपऱ्यात बुटाच्या नाड्या बांधत होता. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं,

"त्या पोराचं पुढं काय झालं?"



नरसिंगनं खाली पाहिलं. त्याच्या शेजारी मल्लिकार्जुन नावाचा किराणा दुकानदार बसला होता. त्यानं पाण्याचा पेला उचलला, आणि न पिता खाली ठेवला.

"संध्याकाळच्या एसटीनं गेला," संगप्पा म्हणाला.

ते पोरगं म्हणजे ग्यानोबा. नांदेडचा बॅक. मारोतीचा थोरला भाऊ, हे मात्र त्या मांडवात कुणाला ठाऊक नव्हतं.

सहासष्ट साली तो लातूरला मॅच खेळायला आला होता. परत कधी आलाच नाही. कुणी म्हणालं मुंबईला गेला, कुणी म्हणालं घाबरून पळाला. माय, चांगुणाबाई, इतकी वर्षं वाट बघून राहिली होती. मारोतीला लातूरचं बोलावणं आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "इचारून ये."

त्यानं विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं. पण ते उत्तर खोटं होतं, हे त्याला त्यांच्या तोंडांवरून कळलं होतं.

त्यानं शिट्टी वाजवली. मॅच सुरू झाली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं.

मग त्याला आवाज आला...

छप्प... छप्प... छप्प...

ओल्या पायांनी कुणीतरी पळत होतं.

त्यानं वळून पाहिलं. कुणी नाही. पण कोरड्या मातीवर पावलं उमटलेली. अनवाणी. ओली. एका मागोमाग एक, नरसिंगच्या दिशेनं जाणारी.

नरसिंग चेंडू घेऊन कडेनं पळत होता. त्याच्या आसपास एकही खेळाडू नव्हता.

काड्...

तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

नरसिंग तोंडावर पडला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता पायाकडे बघत बसला.

"भेगेत पाय अडकला," कुणीतरी म्हणालं.

मारोतीनं शिट्टी तोंडाला लावली. वाजवायच्या आत मल्लिकार्जुनची मान मागे ओढली गेली. कुणीतरी केस धरावेत तशी. मग त्याचं तोंड जमिनीवर आपटलं. उचललं गेलं. पुन्हा आपटलं. पुन्हा. दात मातीत सांडले. नांदेडची पोरं त्याला धरायला धावली, तर त्यांच्या हातांना पाणी लागलं. गार पाणी. ती किंचाळत काठाकडे पळाली.

मांडव रिकामा झाला. माणसं चपला सोडून पळाली.

तळ्यात दोघंच उभे राहिले. मारोती आणि गोलपाशी संगप्पा.

संगप्पाला पळायचं होतं. पाय उचलत नव्हता.

छप्प... छप्प...

मग तो आडवा झाला. एक पाय हवेत. त्याच पायानं कुणीतरी त्याला फरफटत तळ्याच्या मध्यावर नेऊ लागलं. पाणी असताना जिथं सगळ्यात खोल असायचं, तिथं. भेगांच्या कडांनी त्याची पाठ सोलत गेली. मागे रक्ताचा पट्टा.

मध्यावर ओढणं थांबलं.

लाथा सुरू झाल्या.

लाथ मारणारा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त संगप्पाचं अंग. ते उडत होतं. बरगडीत लाथ बसली की आत काहीतरी मोडल्याचा आवाज यायचा. पोटात बसली की तोंडातून रक्त.

मारोती जवळ पोहोचला.

संगप्पा रडत बोलत होता. मारोतीशी नाही. वर बघून.

"म्या एकट्यानं न्हाई मारलं रं... समद्यांनी मारलं... तुझी जात काढली, त्ये बी समद्यांनीच... उस्तादांचा पाय बघून डोस्कं फिरलं होतं..."

धप्.

"पाण्यात ढकललं... तवा तू जित्ता होतास... व्हय, जित्ता होतास..."

मारोतीच्या हातात शिट्टी होती.

ती त्यानं लगेच वाजवली नाही. हे तो स्वतः सांगतो. आणखी एक लाथ त्यानं बसू दिली. त्याला ती बसायला हवी होती.

आणि तेव्हाच त्याला तो दिसला.

आधी पाठ. लाल जर्सी अंगाला चिकटलेली. केसांतून, बोटांतून पाणी गळत होतं, थांबतच नव्हतं. पाय पुन्हा मागे गेला होता. या वेळी नेम संगप्पाच्या डोक्यावर होता.

मारोतीनं शिट्टी फुंकली. छातीतला सगळा दम संपेपर्यंत.

"दादा," तो म्हणाला. "बस कर. मरून जाईल त्यो."

पाय हवेत थांबला.

तो वळला.

चेहरा फुगला नव्हता, सडला नव्हता. तोच होता. कोवळी मिशी, भुवईवर ताजी खोक. घरातून निघाला त्या दिवसाइतकाच तरुण. मारोती आता आपल्या थोरल्या भावापेक्षा वयानं मोठा होता.

ग्यानोबानं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, ते मारोतीला कळलं नाही.

मग तिथं कुणीच नव्हतं. माती ओली होती. उन्हानं तीही बघता बघता सुकली.

संगप्पा जगला. पुन्हा चालला मात्र नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं पोलिसांना सगळं सांगितलं. तळ्याचा मध्य खणला. पुरुषभर खोल गेले, तरी हाड लागलं नाही, कापडाची चिंधी लागली नाही.  जखमा खेळतानाच्या मारामारीत झाल्या, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले.

मॅचच्या दुसऱ्याच दिवशी मारोती एसटीनं नांदेडला आला होता. वाटेतलं लोहा गाव मागे पडल्यापासून एकच विचार डोक्यात होता. मायला कसं सांगायचं?

चांगुणाबाई उंबऱ्यावर बसली होती. निरोप कुणीच धाडला नव्हता.

"माय..." त्यानं सुरुवात केली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "ग्यानोबा येऊन गेला काल."

मारोती तिथंच खाली बसला.

त्यानं विचारलं, "काई बोलला का?"

ती रस्त्याकडे बघत होती.

"हाव. म्हणला, मारोतीनं मला का अडवलं?"

  आजही कधी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसला, की मारोती तोच प्रश्न पुन्हा म्हणून दाखवतो.

चांगुणाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. त्याला जेवायला वाढायची, आजारपणात डोक्यावर हात ठेवायची. पण त्या दिवसापासून तिनं कधी मारोतीच्या डोळ्यांत पाहिलं नाही.