कानिफच्या घराचा नंबर

देवळाली प्रवरेच्या आमच्या विहाराच्या पायरीवर त्या रात्री आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझी चुलतबहीण निकिता आणि शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले जालिंदरमामा. मी दिल्लीहून शिकून नुकताच परतलो होतो आणि एकाच ध्यासाने पेटलो होतो. जुन्या जनगणनेच्या नोंदी शोधायच्या आणि वस्तीतल्या प्रत्येक घराला त्याची हरवलेली माणसं परत द्यायची. पुन्हा कुठल्याही टेबलापलीकडून कोणी आपल्याला 'तुम्ही कोण?' असं विचारू नये.

"उद्या संध्याकाळी धरणात उतरतो," मी म्हणालो. "पाणी आटलंय. बुडालेल्या जुन्या गावातल्या घरांचे नंबर टिपून आणतो."

तंबाखू मळणारा मामांचा अंगठा थांबला.

"दिवसा जा, दिल्लीकर. आन तिथं जित्या मानसाचं नाव घिऊ नको."

"अगं बाई! मामा, तुम्ही भूत मानता?" निकिता हसली.

"न्हाई मानत. बन्सीबी मानत नव्हता."

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं.

बन्सी फॅक्टरीत मामांच्या पाळीला असायचा. आता केडगावला राहतो. त्याची रेश्मा पुण्यात नर्सिंग शिकत होती, हॉस्टेलवर राहून. पण प्रवेश तात्पुरता होता. जात पडताळणीचा दाखला दिला नाही, तर रद्द. दाखल्याला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा. बन्सीचा पणजा शाळेत गेला नव्हता, त्याच्या नावावर जमीनही नव्हती. मग पुरावा आणायचा कुठून? वर्षभर बन्सी कचेऱ्यांतून फिरला. ज्या टेबलापुढे उभा राही, तिथे एकच वाक्य म्हणे, "रेश्मा ह्याच घरची हाय, साहेब."

शेवटी एका कचेरीत एक्केचाळीसच्या जनगणनेची, त्याच बुडीत गावाची प्रत निघाली. कशी टिकली होती कोण जाणे. पण तिच्यात आडनावं नव्हती आणि वस्तीत कानिफ नावाचे तिघे होते. यांतला आपला पणजा कुठला?

"घराचा नंबर सांगा, फोटोसकट," कारकून म्हणाला. "उद्या शेवटचा दिवस. साहेब अकराला बसतील."

नंबर कुठे असेल हे बन्सीला ठाऊक होतं. गणतीवाल्यांनी दारावर गेरूने घातलेला आकडा पावसात धुऊन गेला, तेव्हा पणज्याने छिन्नी घेऊन तो चौकटीच्या दगडात कोरला होता. 'पुसला तर आपुन नव्हतोच म्हनतील,' असं पणजा म्हणे. ही गोष्ट त्यांच्या घरात प्रत्येक पोराला सांगायचे.

दोन वर्षांमागची चैत्र अमावास्या. मंगळवार. बन्सीने धरणाच्या काठाला मोटारसायकल लावली, तेव्हा दिवस बुडाला होता. खाली भेगाळलेला गाळ, त्यात गुडघाभर उरलेल्या भिंती. मोबाईलच्या उजेडात तो एकेक चौकट चाचपत फिरला. सगळे दगड गाळाने सारखेच झालेले. रात्र चढली. त्याला वाटलं, आता पोरगी घरी येणार. पेटी घेऊन येणार आणि काही बोलणारसुद्धा नाही.

तो गाळात बसला आणि ओरडला.

"कानिफबाबा! कुठंय तुमचं घर? पोरीचं वाटोळं हुतंय माझ्या!"

"हिकडं."

बाईचा आवाज. म्हातारा.

पडक्या दारात एक म्हातारी उकिडवी बसली होती. पुढ्यात वाटी. वाटीत गेरू.

"मोजाय आलास व्हय?"

बन्सीला वाटलं, काठावरच्या मासेमारांपैकी कोणी असेल. त्याने चौकटीवर उजेड धरला. आकडा होता. छिन्नीचा, खोल. तेहेतीस. त्याने फोटो काढला. रडूच फुटलं त्याला.

"निस्ता नंबर नेतूस?" म्हातारी म्हणाली. "आन मानसं?"

तिने वाटीत बोट बुडवलं.

"कानिफ."

चौकटीवर रेघ.

"बनुबाई. म्हंजी मी."

रेघ.

"अमृत. ल्योक माझा."

रेघ. अमृत हे बन्सीच्या आज्याचं नाव...



"अजून कोन हाय ह्या घरचं?"

आणि वर्षभर घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"रेश्मा. रेश्मा ह्याच घरची हाय."

रेघ.

"बरं झालं. आली म्हनायची."

आत कोणीतरी सरकून जागा केली...

"न्हाई!" बन्सी पुढे झाला. "पुसा ती! ती न्हाई इथली!"

"आत्ता तर म्हनलास."

तो तळव्याने घासू लागला. जाईना. मोटारसायकलच्या किल्लीने खरवडली. जाईना.

"माझं लिवा! आजी... तिचं नगं. बन्सी लिवा..."



उजेड फिरवला. म्हातारी नव्हती. वाटी नव्हती. चौकटीवर आकडा तेवढा होता, बाकी सुका गाळ. रेघा... एकही नाही.

त्याचा तळवा मात्र लाल होता.

मामा थांबले. निकिता माझ्याजवळ सरकली होती.

"मग? दाखला मिळाला?" मी विचारलं.

"मिळाला की. तेहेतीस नंबरचा कानिफ, बायकू बनुबाई, ल्योक अमृत. समदं जुळलं. साहेबानं सही केली, आन बन्सीचा मोबाईल वाजला. रेश्माचा फोटू. 'पप्पा, माज्या दारावर ह्ये कुनी काढलं?'"

"काय?"

मामांनी खिशातून मोबाईल काढला. बन्सीने पाठवलेला फोटो बराच वेळ शोधला. मग आमच्यापुढे धरला.

हॉस्टेलच्या खोलीचं दार. चौकटीवर खाली, बसल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, गेरूची रेघ.

"एकच आहे," निकिता हळूच म्हणाली. "कुणाची, मामा? तिची, का बापाची?"

मामांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

"त्येच बन्सीला अजून ठावं न्हाई. पोरगी नर्स झाली, चांगली हाय. तरी रोज रातच्याला फोन लावतो. म्हनतो, 'हायस ना?' ती म्हनती, 'हाय पप्पा.' आन ती ठिवायच्या आधी इचारती, 'तुमी?'"

मी फोटो मोठा करून पाहिला. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, मामांनी सांगितलं. उंबऱ्यावर धरणातला काळा गाळ होता. त्यात पाऊल नव्हतं.

रेघ अजून ओली दिसत होती.