मधला तुकडा

"ताई, मी न्हाई मारलं त्यांना." डिटेक्टिव्ह विजयमाला तिडके यांच्या बीडच्या ऑफिसात स्वप्नाली एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावून बसली.

तिचा नवरा परमेश्वर संकष्टीच्या संध्याकाळी दिंद्रुडच्या घरी चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात वारला. रक्तातली साखर बावीसवर घसरलेली, इन्सुलिन भरमसाट. त्याला स्वतःला शुगर नव्हती. घरात इन्सुलिन घेणारे एकटे सासरे, रामकिसन. त्यांना सुई टोचायची स्वप्नाली. सासूने, केसरबाईंनी, तिच्यावरच तक्रार दिली होती. अटक आज-उद्यावर आली होती.

रिपोर्टातल्या इन्सुलिनच्या आकड्याखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती. त्याखालचा सी-पेप्टाइडचा आकडाही भरपूर होता; तिकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"उघड हाय सगळं," जीपमध्ये बंकट म्हणाला. तो माजी हवालदार, आता विजयमालाचा मदतनीस. त्याला सगळंच फार लवकर उघड दिसायचं.

ओसरीवर रामकिसन म्हणाले, "सून लई गुणाची व्हती. मला आता सुई निम्मीच लागती. सिरसाळ्याच्या बाजारातलं चूर्ण घेतोय तवापासून."

केसरबाई रागाने धुमसत होत्या. "सुया मी कुलपात घातल्यात. आता कंपाउंडर येऊन टोचतो."

"परमेश्वरने त्या दिवशी काय खाल्लं?" विजयमालाने विचारलं.

"काय बी न्हाई. लिंबागणेशला जाऊन आलता. चंद्र बघून उपास सोडणार व्हता. सकाळी तेवढं चूर्ण दिलं मी. बापाची शुगर पोराला नगं. झाडपाल्याचं हाय, उपासाला चालतंय."

विजयमालाने चूर्णाचा डबा मागून घेतला.

आठवड्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. स्वप्नालीला माहेरून घेऊन ती पुन्हा दिंद्रुडला आली.

"मामा, आपल्या पेशी आधी एक लांब साखळी बनवतात," अंगणात ती रामकिसनना सांगू लागली. "मग तिचा मधला तुकडा कापून काढतात. उरतं ते कामाचं इन्सुलिन. तो तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. दोन्ही बरोबरच रक्तात येतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो तुकडा नसतो."

"म्हंजी सुई टोचली असती तर तुकडा वाढला नसता," बंकट सावकाश म्हणाला.

"बरोबर. इथे दोन्ही वाढले. ते इन्सुलिन परमेश्वरच्याच अंगात तयार झालं."

"उपाशी माणसाच्या अंगात? कावून?" रामकिसननी विचारलं.

"शुगरची एक गोळी तसं करायला लावते, पोट रिकामं असलं तरी. तीच चूर्णात कुटून घातली होती. मामांची सुई त्यानेच निम्म्यावर आली. विकणाऱ्याचा शोध पोलीस घेताहेत."

स्वप्नालीने तिचा हात धरला. "आत्याबाईंना नका सांगू ताई. माझ्यावरचं गेलं, बास झालं."

पण केसरबाई दारातच उभ्या होत्या.

"त्यो नगं म्हनला व्हता," त्या म्हणाल्या. "उपास हाय, राहू दे म्हनला. मीच माझी आन घातली."

आपला तर्क एकदा तरी चुकायला हवा होता, असं विजयमालाला मनापासून वाटलं. बंकटने टोपी काढली.

केसरबाई आत गेल्या. कुलूप काढून सुयांचा डबा आणला आणि सुनेच्या हातात दिला.

"आता सुई पुरी लागंल का गं त्यांना?"