तिसऱ्यांदा पडलेली कात्री

खाली मी. वर, दोनशे हात उंच कड्यावर, मठाचं सामान आणि माणसं जाळ्यातून वर ओढणाऱ्या रहाटापाशी एक नवाच आवाज.

“ए, जाळ्याच्या गाठी कुणी मारल्या?”

“मी, झांबेता. बाबांचे हात थरथरतात आता. का, सुटल्या?”

“सुटतच नाहीत! चीज अडकलंय आत.”

“मग राहा उपाशी. संन्यासीच व्हायचंय ना?”

आवाज हसला. त्याचं नाव लाव्रेंतिस.

दर शनिवारी—

वर: चीज, कांदे.
खाली: रिकामं जाळं. एकदा, अर्धा अक्रोड.

“अर्धाच?”

“अर्धा मी खाल्ला. एकत्र जेवलो असं समज.”

“चेहरा तरी दाखव!”

“कडेला येत नाही मी... भोवळ येते. तीन वर्षांपूर्वी डोळे मिटून वर आलो, तो आलोच. खाली उतरायच्या भीतीनेच दीक्षा घेईन बहुतेक.”

“देवासाठी नाही?”



“...रविवारी आहे दीक्षा.”

मला ठाऊक होतं ते. मठाधिपती तीनदा कात्री खाली टाकतात. तिन्ही वेळा ती उमेदवाराने आपल्या हाताने उचलून द्यायची, मगच केस कापायचे. जबरदस्ती नाही.

मी नवं जाळं विणलं. दुहेरी गाठींचं. शनिवारी वर पाठवलं.

“रिकामंच?”

“तुझ्या मापाचं आहे.”

जाळं त्या दिवशी खाली आलंच नाही.

रविवार. रहाटावर म्हातारे संन्यासी अकाकिओस. कानाने अधू, म्हणून सगळं ओरडूनच सांगणार.

“पहिली उचलली गं!”

मी जाळ्याचा खाली लोंबणारा दोर धरला.

“दुसरीपण!”

दोर घट्ट धरला.

मग... काहीच नाही. घंटासुद्धा नाही.

कुर्र— रहाट फिरला.

जाळं खाली येऊ लागलं. आत गुडघे पोटाशी घेतलेला, डोळे गच्च मिटलेला एक माणूस.

“पोचलो?”

“चार हात राहिले.”

“मग नंतर उघडतो डोळे.”

जाळं गवताला टेकलं. त्याचे कान लाल झाले होते. मी बोटं जाळ्यातून आत घातली. त्याने ती धरली, न बघताच.

“दोनदा का उचललीस रे?”

“कड्याच्या भीतीने. तिसऱ्यांदा वाकलो... आणि तुझ्या गाठी आठवल्या. म्हटलं, या सुटायच्या नाहीत. झांबेता, मला तुझ्याबरोबर अख्खा अक्रोड खायचाय.”

“आधी बघ तरी, कोण आहे ते.”

त्याने डोळे उघडले.

“हं,” तो म्हणाला. “आता येते आहे खरी भोवळ.”

वरून अकाकिओस ओरडले, “अगं, जाळं रिकामं कर की! चीज यायचंय अजून!”

मी गाठी सोडायला घेतल्या. एकेक. मुद्दाम सावकाश.