एका वेळी एकच माणूस

गाडी घरी आली ती ढकलत. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात उभं आयुष्य गेलेला नवरा एका बाजूला, बस डेपोत मेकॅनिक असलेला त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलेली शिंपीण. तिघंही घामाने निथळत दारात पोचली, तेव्हा शेजारचा कंपाउंडर पायरीवर उभा होता.

"वा! गाडी घेतलीत म्हणे," तो म्हणाला. "मग चालत का आलात?"

शिंपिणीला दोन शाळांच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. कपड्यांचे गठ्ठे पोचवता पोचवता नवऱ्याचा खांदा कामातून गेला होता. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा जुनी, छोटी, बंद पडलेली घ्यायची आणि घरच्या घरी उभी करायची असं ठरलं. दारं चार, पण आत बसायचं तर गुडघे हनुवटीला लागणार. रंग एके काळी पिस्ता असावा.

विकणारं जोडपं म्हातारं होतं. म्हाताऱ्याचा जबडा तारेने बांधलेला, म्हणून बोलली ती म्हातारी. पण तीही लांबून. दोघं एकमेकांपासून दहा हात अंतर राखून उभी होती, आणि म्हातारा सरकला की म्हातारीही तेवढीच सरकत होती.

"स्वस्तात देतोय," म्हातारी म्हणाली, "पण परत घेणार नाही. आधीच सांगते."

दिराला सगळे बारक्या म्हणत. नाव बारक्या आणि अंग कपाटाएवढं. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच त्याला वाढवला, आणि एवढ्या वर्षांत त्याच्यावर एकदाही हात उचलला नाही. थोरला होताच तसा. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारा. शिंपीण चिडून म्हणायची, "त्याला डबाही बांधून द्या बरोबर."

बारक्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वहिनी, आधी धुवायचं, मग घासायचं, मग जोडायचं. विकत आणायचं ते अगदी शेवटी." आणि रविवारमागून रविवार तिघं त्या गाडीला भिडली. पायाखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. जुन्या धुलाईयंत्राचं झाकण कापून तिथे ठिगळ बसवलं. प्लग पेट्रोलने धुतले. दात घासायच्या जुन्या ब्रशने थोरल्याने फटीफटीतली माती काढली, जणू परीक्षानळ्याच धुतोय. दारांना पोचे होते ते बारक्याने लाकडी हातोडीने ठोकून काढले. ठोकता ठोकता तो एकदा थांबला.

"गंमत बघ दादा. गाडी कुठे धडकली की पत्रा आत जातो. हे सगळे पोचे आतून बाहेर आलेत."

"मग तुला ठोकायला सोपं," थोरला म्हणाला, आणि दोघं हसले.

सीट शिंपिणीच्या वाट्याला आल्या. ड्रायव्हरच्या सीटचं काळं रेक्झिन उसवलं तर खाली चौकड्यांचं कव्हर. ते उसवलं तर खाली लाल मखमल. तिन्ही कव्हरांना पाठीच्या बाजूने, डाव्या खांद्याच्या जरा खाली, एकाच जागी चिरा होत्या. कापड विरतं कसं, फाटतं कसं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ह्या चिरा कापलेल्या होत्या. मागच्या सीटवर बसून. रेक्झिनवरची कोणी चांभारी दोऱ्याने शिवली होती, चौकड्यांवरची बारीक रफू केली होती. मखमलीवर मात्र प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ होती.

चहाचा कप घेऊन आलेल्या कंपाउंडरने ते उचलून बघितलं. "हे कपड्याचे टाके नाहीत, बाई. असे आम्ही कातडीला घालतो."

तिने तिन्ही कव्हरं गुंडाळून कचऱ्यात टाकली.

त्याच्या पुढच्या रविवारी दोघं भाऊ पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्ड बसवत होते. शिंपीण बाहेर काच पुसत होती, म्हणून तिला समोरासमोर दिसलं. बारक्या स्क्रू फिरवत होता. थोरल्याने हात लांब करून त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. मग पुन्हा. मग पुन्हा. शब्द नाही, भांडण नाही. चौथ्या वेळी काहीतरी कडकन मोडल्याचं तिला काचेपलीकडून ऐकू आलं. आणि बारक्याने, नाकातोंडातून रक्त वाहत असताना, भावाच्या मनगटात दात रुतवले आणि तसाच राहिला.

पण तिचं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. नवऱ्याचा चेहरा पेपर वाचताना असतो तसाच होता.

तिने दार उघडून नवऱ्याला ओढलं. बाहेर पाय टेकताच तो वळला आणि दचकला.

"अरे बारक्या! नाकाला काय झालं?"

बारक्या दुसऱ्या दाराने बाहेर पडला. नाकावर हात फिरवला, रक्ताकडे बघितलं, मग भावाच्या मनगटाकडे. तिथलं मांस लोंबत होतं. दोघंही एकमेकांना धरायला धावले. लागलं कसं, हे दोघांनाही विचारायचं होतं.

कंपाउंडरने दोघांना टाके घातले. "थिनरचा वास," तो म्हणाला. "बंद गाडीत डिंक काढत बसलात ना? डोक्यात जातो तो." शिंपिणीने जे पाहिलं ते सांगितलं, तेव्हा थोरला ढसाढसा रडला. बारक्या सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "जाऊ दे रे दादा. लहानपणीचं राहिलेलं फेडलंस समज." पण थिनरची बाटली त्या दिवशी उघडलीच नव्हती. हे शिंपिणीला माहीत होतं. तिनेच ती फडताळात ठेवली होती, बूच न काढता.

तरीही माणूस सरळ कारण हातचं सोडत नाही. तिनेही सोडलं नाही. चारही दारं आठवडाभर सताड उघडी ठेवली. मग गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर शिवून तिने बसवायला घेतलं. मागच्या सीटवर बसून ती वाकड्या सुईने कड शिवत होती. नवरा पुढे बसून कापड ताणून धरत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या घरी कोणीतरी गादी बडवत होतं, त्या आवाजाच्या तालावर टाके पडत होते.

तिला फार छान वाटत होतं. शिवण एकदा रेघेत बसली की मन कसं स्वच्छ होतं, तसं. राग नाही, घाई नाही. पुढच्या माणसाची मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते तिला नीट दिसत होतं.

"सापडला!" नवऱ्याचा आवाज खालून आला. "कव्हरचा हुक पडला होता गं. पार पॅडलखाली गेला होता."

तो वाकलेला होता. पार खाली. सीट रिकामी होती. शिंपिणीच्या हातात कापडाची मोठी कात्री होती आणि पात्यांना स्पंजचे पिवळे कण चिकटले होते. नव्या निळ्या कव्हरवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, आठ चिरा होत्या.

तिने अंगावरची ओढणी तिथे टाकली. "तुम्ही जरा चहा टाका बघू," ती म्हणाली. आपला आवाज तिला नेहमीसारखाच वाटला. तो आत गेल्यावर ती सीट बाहेर काढून दारात घेऊन बसली आणि आठही चिरा आतून शिवल्या. तिच्याइतकी सफाई आधीच्या कोणालाच जमली नव्हती. चहा घेऊन आलेल्या नवऱ्याला काही म्हणजे काही दिसलं नाही.

त्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं, "ह्या गाडीत एका वेळी एकच माणूस बसेल."

"म्हणजे?" बारक्या हसला. "वहिनी, मग सायकल काय वाईट होती?" हसताना त्याचा हात आपोआप नाकाच्या वाकड्या हाडाकडे गेला. त्याने मान खाली घातली. थोरल्याने ताटातून वर बघितलंच नाही.

तिने कात्रीचं कोणालाच सांगितलं नाही.

आणि खरंच, एकटा माणूस बसला की गाडी म्हणजे गाय. बारक्या एकटा डेपोपर्यंत जाऊन आला, गाणं म्हणत. थोरला एकटा गठ्ठे घेऊन जायचा, मागे शिंपीण बसने. पिस्ता रंगाचे दोन हात मारल्यावर गाडी अशी दिसायला लागली की रस्त्यावरचे लोक वळून बघत. विकून टाकू, असं शिंपीण दर आठवड्याला ठरवायची. पण कोणाला विकायची? त्या घरीही माणसं दोन तरी असायचीच. आणि दर आठवड्याला गठ्ठे तयार असायचे. असे पाच महिने गेले.

मग एका दुपारी थोरल्याच्या छातीत कळ आली.

तो जिन्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. ओठ काळेनिळे. हॉस्पिटलची गाडी दुसरीकडे गेलेली, यायला अर्धा तास लागणार. बारक्या सुट्टीमुळे घरीच होता. त्याने भावाला लहान मुलासारखा उचलला आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवा केला.

"नाही," शिंपीण दाराला अडून उभी राहिली. "भावजी, नाही. दुसरं काहीतरी बघा."

"दुसरं काय बघू? दादा जातोय वहिनी!"

"अहो बाई, दहा मिनिटांचा रस्ता आहे," कंपाउंडर ओरडला. "वेळ घालवू नका!"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा श्वास करवतीसारखा येत होता. मग तिने डिकी उघडली आणि पाने, जॅक, हातोडी, सगळं रस्त्यावर फेकलं. डॅशबोर्डचा खण उपसला. बारक्याच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. कंपाउंडर तिच्याकडे वेड लागल्यासारखा बघत होता. गाडी निघाली तशी ती त्याच्या स्कूटरवर मागे बसली.

"सोडू नका गाडीला. अगदी मागे राहा."

मागच्या काचेतून फक्त बारक्याचं डोकं दिसत होतं.

पहिलं वळण आलं. बारक्याने दिवा दाखवून, नीट, हळू वळण घेतलं.

बाजार मागे पडला. शाळा मागे पडली. मग मागच्या सीटवर थोरला उठून बसला. छातीत कळ आलेला माणूस, पाठ ताठ करून. त्याने बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला, रस्ता विचारावा तसा.

मग तो हात गळ्याभोवती गेला.

"अरे!" कंपाउंडर म्हणाला. "अरे, हे काय?"

गाडी जराही डळमळली नाही. बारक्या उजव्या हाताने स्टिअरिंग धरून होता. डावा हात त्याने मागे नेला, भावाचा चेहरा चाचपला, आणि अंगठा डोळ्यात घातला. घालून फिरवला. मागच्या काचेवर लाल शिंतोडे उडाले. थोरल्याची पकड सुटली नाही.

चौकात सिग्नल लाल झाला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे अलगद थांबली.

कंपाउंडर दाराकडे धावला. तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचला. "आत डोकं घालू नका! पाय ओढा त्यांचे, पाय!"

दोघांनी मागचं दार उघडून थोरल्याचे पाय ओढले. आतून मोडल्याचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा. त्यांनी पुन्हा ओढलं. थोरल्याचं कंबरेपर्यंतचं अंग दाराबाहेर आलं, मग छाती, मग डोकं.

त्याचे हात एकदम गळाले.

एका डोळ्याच्या जागी नुसतं भोक होतं. दुसऱ्या डोळ्याने त्याने बायकोकडे पाहिलं.

"अगं," तो म्हणाला, "हॉस्पिटल आलं का?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. बारक्याचा पाय अजून ब्रेकवर होता.

डॉक्टरांनी थोरल्याला वाचवला. शुद्धीवर आल्यापासून तो एकच विचारत होता, बारक्या कुठे आहे, त्यानेच आणलं ना मला. चौथ्या दिवशी पोलीस अधिकाऱ्याने त्याला सांगितलं. त्यानंतर तीन दिवस त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही, नळीने द्यावं लागलं. खटला उभा राहिला. कंपाउंडरने साक्ष दिली, जेवढं पाहिलं तेवढ्याचीच. भावाभावांत पूर्वी मारामारी झाली होती हेही त्याला सांगावं लागलं. टाके त्यानेच घातले होते. गाडी पुराव्यादाखल सरकारी आवारात गेली.

तीन महिन्यांनी शिंपिणीला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. लहानशी पांढरी खोली, मधोमध लोखंडी जाळी, अलीकडे एक खुर्ची आणि पलीकडे एक. पहारेकरी दाराबाहेर. थोरला वाळून काटकी झाला होता. कपाळापासून गालापर्यंत पट्टी होती.

"जेवतेस ना?" त्याने विचारलं.

"हो."

"काम?"

"चालू आहे."

मग तो बारक्याबद्दल बोलायला लागला. त्याला पोहायला शिकवलं तेव्हाचं. बोलता बोलता त्याने जाळीला कपाळ टेकलं आणि रडायला लागला. शिंपीण ऐकत होती. घरून निघाल्यावर वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं होतं. आता तसलं काही नव्हतं. आता तिला फार छान वाटत होतं. राग नाही, घाई नाही. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि त्याची मान कुठे संपते ते तिला नीट दिसत होतं.

तिने तर्जनी त्याच्या उरलेल्या डोळ्यासमोरच्या जाळीच्या भोकात घालून पाहिली. पेरापुढे जाईना.

मग करंगळी घातली. ती गेली.